विद्यापीठ कोणाचे? दान, सहभाग आणि आपण

मागील वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर पानशेतच्या पलीकडील एका वाडीवरची मुलगी आमच्याजवळ आली. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हातातली गुणपत्रिका पुढे करून ती म्हणाली, "काका, ह्याच्यावर कॉलेजचं नाव बारीक आणि विद्यापीठाचं मोठं आहे. मी तर विद्यापीठ कधी बघितलंच नाही. मग मी शिकते नक्की कुठं?"

आम्ही तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. वास्तविक आम्हीही याच विद्यापीठाचे कला शाखेचे पदवीधर. परंतु विद्यापीठ म्हणजे काय, ते आपल्याला काय देते आणि आपण त्याचे कोण लागतो, याचा विचार आम्ही पदवी घेतानाही केला नव्हता आणि नंतरही नाही. स्मरणिकेसाठी लेख देण्याचा कार्यकारिणीचा आग्रह झाला, तेव्हा त्या मुलीला राहिलेले उत्तर येथेच द्यावे असे ठरविले.

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतील जी वास्तू पूर्वी इंग्रज गव्हर्नरचे निवासस्थान होती, तिथे हे विद्यापीठ थाटले गेले. आरंभी पश्चिम महाराष्ट्रापासून खानदेशापर्यंतचे १२ जिल्हे त्याच्या कक्षेत होते. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुणे, नगर (आताचे अहिल्यानगर) व नाशिक एवढे तीन जिल्हे पुण्याकडे उरले. २०१४ मध्ये विद्यापीठाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

भोरचे महाविद्यालय काय किंवा वेल्ह्याकडचे काय (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला), ती या विद्यापीठाशी संलग्न आहेत. वर्ग महाविद्यालयात भरतो. पण काय शिकवायचे हे विद्यापीठ ठरविते, शिक्षकाच्या नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते आणि शेवटी पदवी देते तेही विद्यापीठच. म्हणून गुणपत्रिकेवर त्याचे नाव मोठे. आपल्या राज्यातील अशा विद्यापीठांचा कारभार ज्या कायद्याने चालतो, त्याचे नाव 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' असे आहे. यातील 'सार्वजनिक' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. सार्वजनिक विहिरीवर, सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगण्यासाठी ज्यांच्या बापजाद्यांनी महाडला डोकी फोडून घेतली, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता प्रश्न दानाचा. विद्यापीठाला दान कोण देते? कोणी म्हणेल, शेठसावकार आणि कारखानदार. ते खरेच आहे. मुंबई विद्यापीठाला प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले, नंतर मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि त्या मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव दिले. शेजारचा दीक्षांत सभागृहाचा वाडा सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहिला. असे दान दगडावर कोरले जाते व सर्वांना दिसते.

परंतु महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात एक निराळाच हिशेब मांडला आहे. सरकारचा महसूल मुख्यत्वे रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्याच्या पैशावर शाळा-कॉलेजे चालतात, तोच दाराबाहेर. सार्वजनिक विद्यापीठाचा पहिला दाता हा कर भरणारा सामान्य मनुष्य आहे. काडेपेटी विकत घेणारी आपली आजीसुद्धा कर भरते. फक्त तिचे नाव कोणत्याही मनोऱ्यावर नाही.

आपल्या भोर-वेल्ह्यापुरते बोलायचे तर हा हिशेब आणखी वाढतो. पुणे शहर आज जे पाणी पिते, त्यातला मोठा वाटा पानशेत आणि वरसगाव धरणांचा आहे. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जाते. या धरणांखाली गावे गेली, भाताची खाचरे गेली, त्यात आपल्या लोकांची हाडकीची आणि इनामाची तुकड्यातुकड्याची जमीनही गेली. वर डोंगरातल्या वाड्यांवर मात्र वैशाखात बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्या शहराची तहान आपल्या खोऱ्याने भागविली. तेव्हा विद्यापीठाकडे जाताना आपण याचक म्हणून जात नाही, दाते म्हणून जातो, हे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलामुलींनी गणेशखिंडीच्या फाटकातून आत जाताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

दान आणि विद्या यांचा संबंध आपल्या परंपरेला नवीन नाही. नालंदा विद्यापीठ शेकडो वर्षे चालले ते गावांच्या उत्पन्नावर. राजाने शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला लावून दिले होते असे ह्युएन त्संगच्या चरित्रात आहे, आणि नंतर आलेल्या इत्सिंगने हा आकडा दोनशेच्या वर सांगितला आहे. त्या गावांतून रोज तांदूळ, दूध, लोणी येत असे. विद्यार्थ्याने पोटाची चिंता न करता शिकावे, हा त्यामागचा उद्देश.

त्याहून जवळचा दाखला नाशिकच्या लेण्यांत आहे आणि तो आम्हास विशेष प्रिय आहे. कारण आमचे अर्धे आयुष्य बँकेत व्याज मोजण्यात गेले. नहपान राजाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक लेख कोरवून ठेवला आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे कायम ठेव, ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली. २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. २,००० चे दरमहा २० झाले, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकापुढे ठेवावा.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. दान म्हणजे हातात आले ते झोळीत टाकणे नव्हे. त्याला योजना लागते, कशासाठी, किती, कोणाकडे ठेवायचे, हे ठरवावे लागते. आणि दुसरे असे की संघाचा पैसा कष्टकऱ्यांच्या श्रेणींत राहिला, त्यांच्या मागांना भांडवल मिळाले आणि त्यांच्या व्याजावर भिक्षूंचे चिवर झाले. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. पूज्य बाबासाहेबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले, त्यामागेही हीच शिस्त होती. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच रुपये. आपल्यापैकी किती जण ते देतात, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आणि उत्तर फारसे समाधानकारक येत नाही.

बाबासाहेबांनी विद्यापीठाविषयी काय विचार मांडला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना फार कमी ठाऊक असते. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला त्यांनी निवेदन दिले. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतंत्र बुद्धी जागी करणे हे विद्यापीठाचे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ते नियुक्त सभासद म्हणून बसले. त्या वर्षी मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे दिले. दर दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात शिकणारे पुढारलेले हिंदू १,०००, आणि मागासवर्गीय शून्य, फार तर एक. त्याच वर्षी विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा उच्च शिक्षण गोरगरीब व गरजवंतांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे त्यांनी बजावले. आणि जिथे विद्यापीठाचे निर्णय होतात त्या सिनेटमध्ये मागासवर्गाची माणसे असलीच पाहिजेत, अशी मागणी केली. या शेवटच्या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

विद्यापीठ दारापर्यंत येते ते कसे? पहिली वाट राष्ट्रीय सेवा योजनेची. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे आणि एका गावात सात दिवसांच्या शिबिरात राहायचे, अशी ही रचना आहे. आपल्या खोऱ्यांत अशी शिबिरे होतात. पावसाळा सरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो. खर्च जवळजवळ नाही, लागतात ते हात. थोपलेले पाणी गुराढोरांना आणि आसपासच्या विहिरींना पुढे काही आठवडे आधार देते.

पण जे दिसते ते लिहिले पाहिजे. काही शिबिरे अशी होतात की उद्घाटनाला पाहुणे, दोन दिवस श्रमदान, एक दिवस गडावर सहल, समारोपाला फोटो, आणि पुढच्या पावसात बंधाऱ्याच्या गोण्या वाहून गेल्या की नाही हे पाहायला कोणी येत नाही. आणखी एक गोष्ट. शिबिर गावच्या मंदिरात किंवा शाळेत उतरते. आपली वस्ती गावकुसाच्या कडेला. मुले तिकडे फिरकली तर फिरकली. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा आपल्या शाखेने शिबिराच्या आधीच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे, एक दिवस आमच्या विहारात या म्हणावे, वस्तीतले काम दाखवावे. ज्या गावांनी असे बोलावले, तिथली शिबिरे निराळी झालेली आम्ही पाहिली आहेत.

दुसरी वाट 'कमवा व शिका' योजनेची. ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली आणि श्रमावर शिक्षण उभे केले. आज त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठ ही योजना आपल्या महाविद्यालयांतून राबविते. विद्यार्थ्याने ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात किंवा बागेत ठरलेले तास काम करावे व तासाप्रमाणे मोबदला घ्यावा. वर्षाच्या सुरुवातीला महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यातून येणाऱ्या मुलाला एवढ्यात एस.टी.चा पास आणि खानावळीचा काही भाग निघतो.

तरीही आपली मुले या योजनेत यायला का कचरतात? आम्ही काहींना विचारले. एकाने मान खाली घालून सांगितले, "काका, सगळ्यांच्या देखत झाडू हातात घ्यायचा का?" या प्रश्नाला हसून चालणार नाही. आपल्या आजोबांनी येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, बाबासाहेबांच्या शब्दाखातर बलुत्याच्या भाकरीवर पाणी सोडले, आणि १९५८ च्या कायद्याने महारवतनेही संपली. त्या घरातला मुलगा झाडूपाशी अडखळतो ही स्वाभिमानाची खूण आहे. मात्र बलुते आणि मजुरी यांत फरक आहे. बलुत्याला तास नव्हते, दर नव्हता, नकार देण्याची सोय नव्हती. इथे हजेरीपटावर स्वतःचे नाव आहे, कामाचा दर ठरलेला आहे, आणि तो मुलगा उद्या सोडू शकतो. म्हणून आमचे सांगणे असे की योजनेत जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून जावे. ग्रंथालयाचे काम एका आडनावाच्या मुलांना आणि झाडू दुसऱ्या आडनावाच्या मुलांना अशी वाटणी कुठे दिसली, तर ती लेखी निदर्शनास आणावी. कामे पाळीपाळीने वाटून घ्यावीत असा आग्रह धरणे हे तक्रारखोरपणाचे लक्षण नाही.

तिसरी वाट फारशी कोणाला माहीत नाही. विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून पीएच.डी.पर्यंत शिकता येते. आपण रोज वंदना म्हणतो, त्रिसरण-पंचशील म्हणतो, ते पालीत. त्यातील किती शब्दांचा अर्थ आपल्याला सांगता येतो? विहारात लहान मुलांनी विचारले तर आपली भंबेरी उडते. भोर-वेल्ह्यातून एकदोन विद्यार्थी जरी पाली शिकून आले, तरी या तालुक्यांतील विहारांचा रविवार बदलून जाईल. शिष्यवृत्तीचे येथे थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. हे पैसे मागणे म्हणजे भीक नव्हे, फक्त अर्जाची तारीख चुकवू नये.

आता आपण काय देऊ शकतो? मंडळाच्या बैठकीत कोणीतरी नेहमी सुचवितो की एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याच्या नावे बक्षीस ठेवावे. कल्पना चांगली आहे. विद्यापीठात व महाविद्यालयांत अशी कितीतरी पदके व पारितोषिके देणगीच्या ठेवीवर चालतात. पण बँकेत बसून आम्ही पाहिले आहे की अशी बक्षिसे हळूहळू वाळून जातात. १९९५ च्या सुमारास मुदत ठेवीला शेकडा १२ च्या आसपास व्याज मिळे. १०,००० रुपयांवर वर्षाला १,२०० रुपये, त्यात एका विद्यार्थ्याची वर्षाची पुस्तके येत. आज तीच ठेव साडेसहा टक्क्यांनी ६५० रुपये देते आणि पुस्तकांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. नाव राहिले, बक्षीस गेले. उषवदाताच्या शिलालेखाला हा रोग ठाऊक नव्हता, आपल्याला आहे. म्हणून ठेव ठेवतानाच अट घालावी की सर्व व्याज वाटायचे नाही. समजा एक लाख रुपये ठेवले, साडेसहा हजार व्याज आले, तर पाच हजार विद्यार्थ्याला द्यावेत आणि दीड हजार मुद्दलात मिळवावेत. पहिली दहा वर्षे हे कंजूषपणाचे वाटेल. पण नातवंडांच्या काळात बक्षीस जिवंत असेल.

पैसा नसेल तर वेळ द्यावा. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, नर्स, कंडक्टर अशी आपल्यातली शिकलेली माणसे या दोन तालुक्यांत आहेत. मुक्कामी गाडी चुकेल या भीतीने ज्या मुलांना कॉलेजचे ग्रंथालय सुटण्याआधीच पळावे लागते, त्यांच्यासाठी भोरला विहारात संध्याकाळची अभ्यासिका आणि चार मुलांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय एवढे जरी झाले, तरी विद्यापीठ डोंगर चढून वर येईल.

आणि आता सिनेटची गोष्ट. हिला आज अधिसभा म्हणतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. कमवा व शिका योजनेला किती पैसे, वसतिगृहाला किती, याची चर्चा तिथे होते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे या सभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात आणि त्यांत अनुसूचित जातीसाठी एक जागा राखीव आहे. बाबासाहेबांना १९२७ मध्ये प्रतिनिधित्वासाठी भांडावे लागले, कारण तेव्हा मागासवर्गात पदवीधर जवळजवळ नव्हतेच. आज वस्तीवस्तीत पदवीधर आहेत. पण पदवी मिळाली म्हणजे मतदार झालो असे नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून नाव नोंदवावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुणे विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. आम्ही आमच्या परिचयातील पदवीधर बांधवांना विचारत गेलो, "मत दिले का?" बहुतेकांनी उलट विचारले, "कसली निवडणूक?" इतरांना दोष देण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की त्या यादीत आमचेही नाव नव्हते.

ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत लोकांनी घरे जाळून घेतली, प्राण दिले, त्यांच्या तुलनेत हे काम केवढे? एक अर्ज, पदवी प्रमाणपत्राची प्रत, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि ठरलेले शुल्क.

यंदा नोंदणी सुरू झाल्याची सूचना विद्यापीठाकडून निघताच विहाराच्या फलकावर लावली जाईल. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही व आणखी दोन सभासद अर्ज भरून देण्यासाठी बसणार आहोत. वेल्ह्याकडच्या बांधवांसाठी महिन्यातून एक रविवार तिकडे येऊ. पदवीचे मूळ प्रमाणपत्र सोबत आणावे. पुष्कळांनी ते दीक्षांत समारंभानंतर विद्यापीठातून आणलेलेच नाही असे दिसते. अशांनी आधी त्यासाठी अर्ज करावा. त्या वाडीवरच्या मुलीची पदवी पुढच्या वर्षी हाती येईल, तोवर अर्जांची प्रत देण्याचे आणि रांग लावण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले आहे.